खडबडीत फरशीवर वाफेची परीक्षा

आमच्या घरात शेवटचा शब्द माझा असतो. पहिला शब्दही बहुधा माझाच असतो; मधले काही शब्द इतरांना वापरायला मिळतात आणि त्याबद्दल कुणाची तक्रार असल्याचे अद्याप माझ्या कानांवर आलेले नाही. तेव्हा वाफेचा मॉप विकत घ्यावा की घेऊ नये, या किरकोळ प्रश्नाचा निकाल मी एका दुपारात लावीन, असे मी जेवणाच्या टेबलावर जाहीर केले, यात फुशारकी मुळीच नव्हती. ती निव्वळ माहिती होती!

प्रश्न खरा मॉपचा नव्हताच. फरशीचा होता.

आमच्या बैठकीच्या खोलीत दगडी फरशी आहे. खडबडीत. घर बांधले तेव्हा आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांत आरशासारख्या फरश्या बसत होत्या. मी मात्र फरशीच्या वखारीत जाऊन साबणाच्या पाण्याची बादली मागवली, ती एकेका नमुन्यावर ओतवली, चपला काढल्या आणि अनवाणी चालून पाहिले. वखारवाला डोक्याला हात लावून बसला होता. जिच्यावर माझा पाय तसूभरही सरकला नाही, ती ही फरशी. हिच्या अंगावर देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे आहेत, हे मान्य. पण हिच्यावरून आजवर कुणीही घसरलेले नाही! माझ्या सासूबाई, ज्यांचे माझ्याशी कोणत्याही विषयावर कधी एकमत झाले नाही, त्या अखेरपर्यंत या फरशीवर काठीशिवाय चालल्या. एकदा, अगदी एकदाच, त्या म्हणाल्या, "फरशी तेवढी बरी आणलीस हो." माझ्या संसारातले हे एकमेव प्रशस्तिपत्र आहे.

या फरशीचे खड्डे मी इतकी वर्षे हातब्रशने, गुडघ्यांवर बसून घासत आले. अलीकडे गुडघ्यांनी असहकार पुकारला. मी खाली बसले की ते कुरकुरतात आणि उठताना तर शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने स्वतःचे मत मांडतात. परिणामी खड्ड्यांत मळ साचू लागला. तो इतर कुणाला दिसला नसता. पण आमची सूनबाई दातांची डॉक्टर आहे. खड्डा दिसला की तिला राहवत नाही. एका सकाळी पाहते तर ती दवाखान्यातला दांडीचा आरसा आणि टोकदार आकडा घेऊन सोफ्याशेजारी पालथी पडलेली!

"काय हरवलं गं?" मी विचारले.

"हरवलं काहीच नाही, आई. सापडतंय भरपूर," ती खड्डा टोकरत म्हणाली. "हे बघा. ही माणसाच्या तोंडात असती ना, तर मी सगळे दात काढून कवळी बसवली असती."

"माझ्या फरशीला कवळी बसवायची गरज नाही."

"मग रोज कोण घासणार? तुम्ही? परवा खाली बसलात, तर उठवायला आम्हा दोघांना यावं लागलं."

चिरंजीवांनी वर्तमानपत्रातून डोके न काढता तोंड घातले. "आई, सरळ गुळगुळीत फरशी टाकून घेऊ या. रविवारी फरशीवाला येतोय माप घ्यायला."

"कुणी बोलावला?"

चिरंजीव वर्तमानपत्रात आणखी खोल गेले.

आता गुळगुळीत फरशी म्हणजे काय, हे माझ्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. तिच्यावर मला भिंत धरून चालावे लागेल, नाहीतर कुणाचा तरी हात धरून. आणि हात धरून चालणे माझ्या स्वभावात नाही. माझा हात धरून इतर लोक चालतात!

शेवटी सूनबाईने तोडगा काढला. "वाफेचा मॉप मिळतो हल्ली. उभ्याने वापरता येतो, वाकायला नको. त्याला हे खड्डे साफ करणं जमलं, तर मॉप घेऊ आणि फरशी राहील. नाही जमलं, तर रविवारी फरशीवाला माप घेईल. कबूल?"

येथे एक अडचण होती. यंत्रांविषयीची माझी मते घरात सर्वज्ञात आहेत. "ज्या यंत्राला घाम येत नाही, त्याला स्वच्छता कळत नाही," हे माझे वाक्य तर चिरंजीव माझ्या आवाजाची नक्कल करून पाहुण्यांना ऐकवतात. अशा वेळी मी मॉपची बाजू कशी घेणार? पण मॉप हरला, की माझी फरशी जाणार! म्हणजे मला उघडपणे मॉपच्या विरोधात उभे राहायचे होते आणि मनातून त्याच्या विजयासाठी झुरायचे होते. निवडणुकीत एका पक्षाचा झेंडा घेऊन दुसऱ्याला मत देणाऱ्यांचे कसे होत असेल, ते मला त्या आठवड्यात समजले.

"कबूल," मी म्हणाले. "त्या यंत्राचं पितळ मी स्वतःच उघडं पाडते. आजच दुकानात जाते."

खरे सांगायचे तर मला भयंकर कुतूहल वाटत होते. वाफ खड्ड्यात उतरते की वरच्या वर निघून जाते? आणि समजा उतरली, मळ सुटला, तर सुटलेला मळ जातो कुठे? या दुसऱ्या प्रश्नाने तर माझी दुपारची झोप उडवली होती.

दुकानातला विक्रेता टाय बांधलेला, हसतमुख आणि अज्ञानी होता. त्याने आरशासारख्या फरशीच्या तुकड्यावर टोमॅटो सॉसचा थेंब टाकला आणि त्यावरून मॉप फिरवला. थेंब गेला. त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू चंद्रावर पाऊल ठेवून आला आहे!

"यात काय झालं?" मी म्हणाले. "ही फरशी नुसत्या नजरेनंसुद्धा पुसून निघेल. खडबडीत फरशीवर दाखवा."

"मावशी, सगळ्या प्रकारच्या फरशांना चालतो हा."

"चालतो की स्वच्छ करतो?"

"म्हणजे... चालतो, म्हणजे स्वच्छच करतो ना!"

"खड्ड्यातला मळ सुटल्यावर तो जातो कुठे?"

"कापडात, मावशी."

"कापड सपाट. मळ खड्ड्यात. त्यांची भेट कुठे होणार?"

विक्रेता मदतीसाठी इकडेतिकडे पाहू लागला. मीही पाहू लागले, पण खडबडीत जमिनीसाठी. ती मला दिसली! दुकानाच्या दाराबाहेर, ढकलगाड्या वर आणण्यासाठी एक उतार होता. त्यावर पन्हाळीसारख्या खाचा, आणि खाचांत सबंध गावाच्या बुटांचा मळ.

"चला," मी म्हणाले.

"मावशी, बाहेर प्लग नाही..."

"वायर आहे ना दुकानात? तुम्ही वायरीच विकता."

पुढचे दृश्य मी स्वतः पाहिले नसते, तर माझा त्यावर विश्वास बसला नसता. लांब वायर ओढत विक्रेता बाहेर आला. दुकानाचे काचेचे दार आपोआप उघडणारे होते. मध्ये वायर आल्यामुळे ते मिटायला जाई, दचकून उघडे, पुन्हा मिटायला जाई, पुन्हा दचके. मॉपने फुसकारा सोडला. थंडी होती, त्यामुळे वाफ कापसाच्या गंजीसारखी वर उठली आणि समोरची काच पांढरीफटक झाली. आतल्या गिऱ्हाइकांना बाहेर नुसते धुके आणि त्या धुक्यात हातवारे करणारी एक वृद्ध स्त्री दिसू लागली. "आग! आग!" कुणीतरी ओरडले. व्यवस्थापक हातात लाल नळकांडे घेऊन धावत आला आणि ते माझ्यावर रोखून उभा राहिला.

"खाली करा ते!" मी फर्मावले. त्याने केले. "परीक्षा चालू आहे."

"कसली परीक्षा?"

"तुमच्या मालाची. बघा, खाचेच्या कडा पांढऱ्या झाल्या. आणि तळ?"

व्यवस्थापक वाकला. विक्रेता वाकला. बाहेर जमलेली चार माणसेही वाकली.

"तळ काळाच आहे," त्यांतला एक म्हणाला.

"आता जरा जास्त काळा दिसतोय," दुसरा म्हणाला.

व्यवस्थापकाने विक्रेत्याला बाजूला घेतले. त्यांच्यात काय बोलणे झाले ठाऊक नाही. पण परत आला तेव्हा विक्रेत्याच्या हातात मॉपचे खोके होते. "मावशी, घरी घेऊन जा, वापरून बघा, नाही आवडलं तर परत आणा. फक्त... आता जा."

घरी आल्यावर आमच्या यांनी सूत्रे हाती घेतली. आमचे हे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. सबंध नोकरीभर त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले आणि निवृत्त झाल्यापासून ते घरातल्या प्रत्येक गोष्टीत दांडी मारलेली शोधत असतात. सुनेने एकदा त्यांना दूध कमी ओतले, तर त्यांनी पेल्याच्या तळाला खोटे बूड आहे का ते पाहिले होते!

"परीक्षा अशी होत नाही," हे खोक्याला प्रदक्षिणा घालत म्हणाले. "तुलनेसाठी प्रमाण लागतं. खोलीचे दोन भाग करायचे. खिडकीकडचा भाग यंत्राला. दाराकडचा भाग हातब्रशला. ब्रश हे प्रमाण. ब्रशच्या जवळपास जरी यंत्र आलं, तरी ते पास."

"ब्रश कोण मारणार?" चिरंजीवांनी विचारले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

"अर्थातच मी," मी मान ताठ करून म्हणाले. "आणि त्या यंत्राला मी चारी मुंड्या चीत करणार आहे!"

"आई, गुडघे?" सूनबाई म्हणाली.

"गुडघ्यांना मी समजावीन."

बोलून तर बसले. पण दुकानाबाहेरचा तो काळा तळ माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. यंत्र नापास होणार हे मला स्वच्छ दिसत होते. आणि मग रविवार, मग फरशीवाला, मग भिंत धरून चालणे! छे! शनिवारी दुपारी सूनबाई दवाखान्यात, चिरंजीव बाहेर आणि हे तोंडावर वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत निजलेले, अशी संधी साधून मी यंत्राला थोडीशी मदत करायचे ठरवले.

मी दाताचा जुना ब्रश घेतला. खाली उशी घेतली. आणि खिडकीकडची अर्धी खोली, जी यंत्राच्या वाट्याला येणार होती, ती खड्डा खड्डा करत घासून काढली! गुडघे आधी कुरकुरले, मग आरडाओरडा करू लागले, मग बधिर झाले. मी दुर्लक्ष केले. आपल्या प्रतिस्पर्ध्यासाठी इतके कष्ट जगाच्या इतिहासात कुणी घेतले नसतील.

काम संपवून सोफ्याला धरून उठले, तर डोळे दिपले. अर्धी खोली जुनी, मळकट, आणि अर्धी नुकत्याच न्हाऊन निघालेल्या बाळासारखी! आता? संध्याकाळी सगळे येणार आणि आंधळ्यालाही दिसेल असा फरक! मी क्षणभर विचार केला. मग पायपुसणे आणले आणि ते त्या लखलखीत फरशीवर झटकले. धूळ हाताने सारखी पसरली. कोपऱ्यात कमी वाटली, तर दुसरे पायपुसणे आणले. ज्या बाईने आयुष्यभर घरात धुळीचा कण शिरू दिला नाही, ती आपल्या हातांनी, चाळणीतून पीठ भुरभुरावे तशी फरशीवर धूळ भुरभुरवीत होती! सासूबाई असत्या, तर त्यांनी ते प्रशस्तिपत्र तत्काळ परत घेतले असते.

संध्याकाळी यांनी खोलीच्या मध्यावर चिकटपट्टी लावली. भिंग घेऊन दोन्ही बाजू तपासल्या. खिडकीकडे ते बराच वेळ रेंगाळले, एकदा फरशीला बोट लावून ते हुंगले, "हं" म्हणाले आणि उठले. मी स्वयंपाकघरातून श्वास रोखून पाहत होते. पुढे काही बोलले नाहीत, तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला.

रविवारी सकाळी खोलीतले सामान बाहेर निघाले. सूनबाई मॉप घेऊन सज्ज. मी पदर खोचून, ब्रश घेऊन सज्ज. चिरंजीव प्रेक्षक. यांनी घसा खाकरला.

"एक सूचना. बाजू बदलण्यात येत आहेत. खिडकीकडे ब्रश. दाराकडे यंत्र."

माझ्या हातातून ब्रश पडला.

"का?" मी जवळजवळ किंचाळले. "ठरलं होतं ना? ठरलेलं असं बदलायचं नसतं! ही काय पद्धत झाली?"

"ऐन वेळी बदलणं हीच निरीक्षणाची पद्धत," हे अत्यंत शांतपणे म्हणाले, आणि मला डोळा मारला! लग्नाला इतकी वर्षे झाली, पण चारचौघांत यांनी मला डोळा मारल्याचे स्मरत नाही. मला वाटले, यांना चक्करबिक्कर येते आहे.

"आई, तुम्ही का घाबरताय?" सूनबाई हसली. "ब्रश कुठेही जिंकतोच ना?"

मी उशीवर टेकले. आता एकच मार्ग उरला होता. हरायचे! ब्रश इतका हळू, इतका नाजूक, इतका नालायकपणे फिरवायचा, की समोर चिंधीचा बोळा असता तरी जिंकला असता. मी ब्रश फरशीला नुसता टेकवला, मोराच्या पिसासारखा. एकदा. अलगद.

वरची धूळ उडाली आणि खालची फरशी झळकली.

"अरे बापरे!" चिरंजीव म्हणाले.

मी घाईने ब्रश उचलला. पुढच्या खड्ड्यावर नुसता फुंकरल्यासारखा फिरवला. तोही लखलखला! मी थांबले, पाणी मागितले, पाठ चोळली, उगाच खिडकीबाहेर पाहिले. उपयोग शून्य. माझा हात जिथे जाई तिथे फरशी उजळत चालली.

"आई, तुम्ही दाबतसुद्धा नाही आहात!" सूनबाईचा मॉप हातातच राहिला. "मी दातांवर मशीन लावते तरी असं होत नाही!"

"सवय," मी रडवेल्या आवाजात म्हणाले.

इकडे मॉपने सुरुवात झकास केली. पहिल्या फेरीत कापड काळेकुट्ट झाले आणि सूनबाई आनंदाने ओरडली, "बघा, केवढा मळ निघाला!" मी आशेने मान वर केली. पण मळ निघाला होता तो उंचवट्यांवरचा. खड्ड्यांतला मळ वाफेने भिजून फुगला, आणि तो जाणार कुठे? तिथेच बसला! प्रत्येक खड्ड्यात काळ्या कॉफीचा एकेक थेंब तरंगू लागला. मॉप पुढे गेला की मागे तपकिरी वर्तुळे वाळत.

"आधी मळकट तरी एकसारखी होती," चिरंजीव म्हणाले. "आता गोवर आल्यासारखी दिसतेय."

"तू गप्प बस!" सूनबाई आणि मी एकदम ओरडलो.

नेमका त्याच वेळी फरशीवाला आला. कमरेला टेप, कानावर पेन्सिल. दारात उभा राहून त्याने एक बाजू पाहिली, दुसरी पाहिली, आणि गोंधळला.

"या बाजूला कुठलं मशीन मारलंत?" त्याने खिडकीकडे बोट दाखवले.

"मशीन नाही," चिरंजीव अभिमानाने म्हणाले. "आमची आई!"

"मावशी? एकट्या? हाताने?" तो माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागला, की एरवी मी त्याला चहा दिला असता. "किती वेळ लागला?"

"वेळ कसला? उशीवर टेकली, गार पाणी प्यायली, आणि झालं!" चिरंजीवांनीच परस्पर सांगितले.

मी डोळे मिटले. निकाल लागला होता. यंत्र नापास. म्हणजे करारानुसार आता फरशी जाणार. फरशीवाल्याने टेप सोडवली. तिचा तो कर्रर्र आवाज माझ्या काळजावर उमटला. सासूबाईंची ती बिनकाठीची चाल डोळ्यांपुढे आली आणि तोंडाने सत्य सांगून टाकावे असे वाटले.

पण सूनबाई पुढे झाली. तिने माझ्याजवळ बसून त्या उजळलेल्या खड्ड्यांवरून बोट फिरवले. त्या बोटाला लबाडी कळेल म्हणून मी धास्तावले. पण तिचे डोळे भरून आले होते.

"आई, चुकलं माझं," ती म्हणाली. "मला वाटलं तुमच्या गुडघ्यांनी आता जमायचं नाही. तुम्ही तर हसत-खेळत केलंत. ही फरशी काढायची नाही. दादा, टेप गुंडाळा."

"मग?" फरशीवाल्याने विचारले.

"मग काय, आई घासतील! दर रविवारी. सगळी खोली!"

माझी फरशी वाचली. आणि मी मेले!

दुपारी चहाबिस्किटांच्या वेळी हे माझ्याजवळ खुर्ची ओढून बसले. चेहरा असा, जणू सरकारने निवृत्तीनंतर बढती दिली आहे.

"काय, कसा न्याय मिळवून दिला?"

"कसला न्याय?"

"अगं, काल भिंग लावलं तेव्हाच समजलं. वर धूळ, आणि खाली खड्डे स्वच्छ! धूळ आपणहून पडली तर आधी खड्ड्यात जाते. ही मुद्दाम टाकलेली होती. कुणीतरी यंत्राची बाजू आधीच साफ करून ठेवली होती. तू हरावीस म्हणून! सूनबाई दवाखान्यात होती, म्हणजे आपलाच लेक. सोंग वर्तमानपत्र वाचण्याचं!" त्यांनी आवाज खाली आणला. "म्हटलं, तुझ्यावर अन्याय? माझ्यादेखत? बदलल्या बाजू!"

या माणसाने उभे आयुष्य लबाडी पकडण्यात घालवले होते. ती करणाऱ्याला मात्र या खेपेला ओळखता आले नाही. "अहो, ती..." मी सुरुवात केली. पण त्यांच्या डोळ्यांत इतके कौतुक होते, आणि सत्य बाहेर पडले तर फरशीवाला अजून फार लांब गेला नसेल, हेही माझ्या ध्यानात आले. मी त्यांना आणखी एक बिस्किट दिले.

"लेकाला काही बोलू नका," मी म्हणाले. "माफ केलं मी त्याला."

"मोठ्या मनाची आहेस," हे म्हणाले आणि बिस्किट चहात बुडवले.

राहता राहिला माझा मूळ प्रश्न. सोमवारी घरात कुणी नव्हते. मॉप परत करायचा म्हणून मी खोके आवरत होते, तर तळाशी एक पिशवी सापडली. न उघडलेली. पिशवीत एक निमुळती नळी, आणि तिच्या टोकाला अंगठ्याएवढा कडक ब्रश! सूनबाईने माहितीपत्रक वाचले नव्हते. दाताचे डॉक्टर आपल्याला यंत्रे कळतात असे धरून चालतात. मला राहवले नाही. आधी फरशी कोरडी झाडली. नळी लावली, स्टुलावर बसले, दाराकडच्या एका गोवर आलेल्या खड्ड्यात ब्रश टेकवला आणि वाफ सोडली. मळ ढवळला, फेसाळला आणि वर आला! तो परत खाली बसायच्या आत मी त्यावर कोरडे फडके दाबले. फडके उचलले. खड्डा रिकामा! खालचा दगड असा दिसला, जसा वखारीत पहिल्या दिवशी दिसला होता.

तेव्हा खडबडीत फरशी असलेल्या वाचकांनो, माझे मत लिहून घ्या. नुसत्या सपाट कापडाचा वाफेचा मॉप घेऊ नका. तो खड्ड्यांवरून मंत्र्याच्या गाडीसारखा निघून जातो. कडक ब्रशचे टोक असलेला मात्र खुशाल घ्या. आधी झाडा, मग वाफ सोडा, आणि मळ वर येताच टिपा. काम सावकाश होते. पण होते! शिवाय स्टुलावर बसून होते.

मॉप परत द्यायला जाते असे घरी सांगून मी स्वतः दुकानात गेले. मला पाहताच विक्रेता फ्रिजच्या रांगेमागे सरकला. मी त्याला तेथून बोलावून काढले.

"नाही ना आवडला, मावशी?" त्याने मोठ्या आशेने विचारले.

"आवडला. ठेवून घेतेय. पण कुणाला सांगायचं नाही!"

मॉप आता गाद्यांच्या कपाटात, सर्वांत खालच्या गादीमागे असतो. दर रविवारी मी बैठकीच्या खोलीचे दार आतून लावून घेते. घासताना कुणी पाहिलेले मला चालत नाही, एकाग्रता भंग पावते, असे मी जाहीर केले आहे. फरशी आरशाला लाजवते. सूनबाई आपल्या रोग्यांना माझे उदाहरण देते, आणि फरशीवाला म्हणे गिऱ्हाइकांना सांगतो, की अशी एक मावशी आहे.

परवाच्या रविवारी मी आत तल्लीन झाले होते, तेवढ्यात दारावर टकटक झाली.

"आई?" सूनबाईचा आवाज. "दाराखालून वाफ येतेय."

मी नळीतली वाफ बंद केली. आवाज मात्र करडा ठेवला.

"मेहनतीची आहे!"

तेवढ्यात यंत्र अचानक बारीक आवाजात टीं टीं करू लागले.

"बरं," सूनबाई म्हणाली. "मग तुमच्या मेहनतीच्या टाकीतलं पाणी संपलंय, आई. ती असंच ओरडते. भरेपर्यंत थांबणार नाही."

तिची पावले दूर गेली, परत आली, दाराबाहेर काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला, आणि पुन्हा दूर गेली. पुरेसा वेळ जाऊ दिल्यावर मी दार किलकिले केले. उंबऱ्यावर पाण्याने काठोकाठ भरलेला जग होता. मी तो आत ओढून घेतला.

तहान लागली होती, म्हणून.